आठ फुटांवरूनही नेम का चुकतो?

२४ ऑगस्ट २०१२ ची सकाळ. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगबाहेर एका माणसाने आपल्या जुन्या सहकाऱ्याला गोळ्या घातल्या आणि काही झालंच नाही अशा थाटात तो फुटपाथवरून चालू लागला. दोन पोलिस मागे गेले. त्याने वळून पिस्तूल रोखलं. दोघा पोलिसांनी मिळून १६ गोळ्या झाडल्या. अंतर साधारण आठ फूट. चाळीतली खोलीसुद्धा याहून लांब असते. तो माणूस ठार झाला, पण रस्त्यावरचे नऊ जण जखमी झाले. नंतर कळलं की या नऊ जणांना लागलेल्या गोळ्या आणि गोळ्यांचे तुकडे पोलिसांच्याच पिस्तुलांतले होते.

हे वाचून पहिली प्रतिक्रिया होते ती म्हणजे, "यांना बंदूक कुणी दिली?" माझीही तीच झाली होती. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पॉइंट टू-टू रायफलने २५ यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारल्या होत्या आणि त्यातल्या चार एकमेकींच्या जवळ लागल्या, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला नेमबाज समजत होतो. पण तिथे मी पोटावर आडवा झोपलेलो होतो, कोपर जमिनीला टेकलेलं होतं, उस्ताद मागे उभे राहून श्वास रोखायला सांगत होते आणि मुख्य म्हणजे समोरचा कागद माझ्यावर उलट गोळ्या झाडत नव्हता.

न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने केला होता. तो २००८ साली आला. १९९८ ते २००६ या काळात जिथे समोरचाही गोळ्या झाडत होता, अशा चकमकींत पोलिसांच्या १०० गोळ्यांपैकी सरासरी १८ लागल्या. समोरून गोळी येत नव्हती तिथे ३०. सात यार्डांच्या आत, म्हणजे २१ फुटांच्या आत, ३७. हे लोक सराव करणारे, परीक्षा देऊन पास झालेले होते. मैदानावर हेच पोलिस कागदाच्या चिंध्या करतात. मग फुटपाथवर काय होतं?

आधी जरा भूमिती. आठ फुटांवरच्या माणसाची छाती साधारण दीड फूट रुंद धरा. मध्यावर धरलेली नळी चुकवायची असेल तर ती जवळपास पाच अंश वाकडी व्हावी लागते. हातातल्या वीतभर पिस्तुलाचं टोक दीड-दोन सेंटिमीटर बाजूला गेलं की तेवढं होतं. शांत माणसाचा हात एवढा हलत नाही. म्हणजे जवळच्या लढाईत बारीक नेम चुकत नाही, काहीतरी ढोबळ बिघडतं. लांबच्या नेमबाजीत श्वास, वारा, चापावरचा हलका दाब असं सगळं मोजावं लागतं. जवळच्या लढाईत प्रश्न एकच असतो, वेळ. आणि त्या वेळात आपलं शरीर काय करतं, हा.

डोळ्याला काही दिसून बोट हलायलाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो. सिग्नल हिरवा झाल्यावर मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो, साधारण तेवढा. हा नुसत्या प्रतिक्रियेचा वेळ झाला. "त्याच्या हातात मोबाइल आहे की पिस्तूल?" असा प्रश्न मध्ये आला की तो वाढतो. समोरच्याला मात्र प्रतिक्रिया द्यायचीच नसते, त्याने सुरुवात केलेली असते. त्यामुळे आधी ठरवलेला माणूस कायम थोडा पुढे असतो. आट्यापाट्या खेळलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

त्यात भीती. रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं, बोटांचं कसब जातं. पाठलाग होत असताना दाराच्या कुलपात किल्ली लागत नाही, तसंच. नजर आक्रसते, समोरच्याच्या हातातलं शस्त्र मोठं दिसतं आणि त्याच्या मागून चाललेली बाई दिसतच नाही. कान बंद होतात, आपल्याच पिस्तुलाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. किती गोळ्या झाडल्या हे विचारलं तर "दोन-तीन" म्हणणाऱ्याचं मॅगझिन अर्धं रिकामं निघतं. प्रशिक्षणाच्या जगात एक तक्ता फार फिरतो: नाडीचे ठोके इतके झाले की बोटं जातात, तितके झाले की अक्कल जाते. त्या तक्त्यावर माझा फारसा विश्वास नाही. जिना चढूनही ठोके वाढतात, म्हणून कुणी बावचळत नाही. फरक ठोक्यांचा नसून भीतीचा आहे. पण बाकीचं वर्णन, या प्रसंगातून गेलेले लोक सांगतात त्याच्याशी जुळतं.

एम्पायर स्टेटच्या प्रसंगात आणखी एक साधी यांत्रिक गोष्ट होती. न्यूयॉर्क पोलिसांच्या पिस्तुलाचा चाप तेव्हा मुद्दाम जड ठेवलेला असे, ओढायला १२ पौंड, म्हणजे जवळपास साडेपाच किलो जोर लागायचा. चुकून गोळी सुटू नये हा हेतू. पण पिस्तूल स्वतः एक किलोचंही नसतं. किलोभर वजनाच्या वस्तूवर एका बोटाने साडेपाच किलोचा जोर लावायचा आणि ती वस्तू हलू द्यायची नाही, हे घाबरलेल्या माणसाला जमणं अवघडच. एका अपघातावर केलेला उपाय दुसऱ्या अपघाताचं कारण होतो.

या सगळ्याचा विचार पहिल्यांदा नीट करणारा माणूस न्यूयॉर्कचा नव्हता. तो शांघायचा होता.

विल्यम फेअरबेर्न हा इंग्रज १९०७ मध्ये शांघाय म्युनिसिपल पोलिसात आला. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीचं हे पोलिस दल. त्यात इंग्रज अधिकारी होते, चिनी शिपाई होते आणि पंजाबातून नेलेले शीख शिपाईही होते. शहरात अफू, अपहरणं, टोळ्या. फेअरबेर्नला सुरुवातीच्याच काळात गल्लीत जबर मार बसला, त्यानंतर त्याने ज्युदो शिकून घेतलं आणि मग हातघाईच्या लढाईचा अभ्यास हेच त्याचं आयुष्य झालं. त्याच्यासोबत एरिक साइक्स नावाचा दुसरा इंग्रज होता. या दोघांनी दलाच्या नोंदी धुंडाळल्या. साडेबारा वर्षांत ६६६ सशस्त्र चकमकी. त्यांतल्या ज्यांत पोलिसांनी पिस्तुलं वापरली, त्यांत ४२ पोलिस आणि २६० गुन्हेगार मेले. आकडे पोलिसांचेच, त्यामुळे "गुन्हेगार" कुणाला म्हटलं हेही त्यांनीच ठरवलेलं, ही खूणगाठ बांधून ठेवावी. याच दलाने ३० मे १९२५ रोजी नानजिंग रोडवर निदर्शकांवर गोळ्या चालवल्या होत्या आणि सगळा चीन पेटला होता. त्या घटनेनंतर जे खास राखीव पथक उभं राहिलं, त्याच्या घडणीत फेअरबेर्नच होता.

त्याचं निरीक्षण साधं होतं. बहुतेक चकमकी काही पावलांच्या अंतरावर, अंधारात, गल्लीत, जिन्यावर होतात. त्या क्षणी माणूस आपोआप वाकतो, खांदे आक्रसतो, समोर तोंड करतो, दोन्ही डोळे सताड उघडे ठेवतो आणि पिस्तूल आवळून धरतो. तोवरचं प्रशिक्षण काय शिकवत होतं? ताठ उभं राहा, अंग तिरकं करा, एक डोळा मिटा, हलक्या हाताने धरा. म्हणजे शरीर करणार त्याच्या नेमकं उलटं. फेअरबेर्न म्हणाला, शरीराशी भांडू नका, ते जे करणार आहे त्यातूनच नेम बसवा. दोन्ही डोळे उघडे, नजर समोरच्यावर, हात सरळ वर नजरेच्या रेषेत आणि लगेच गोळी, बहुधा दोन. अंधारात बोटाने एखादी वस्तू दाखवताना आपण बोटावर नेम धरत नाही, तरी बोट बरोबर तिकडेच जातं. तत्त्व तेच. चार यार्डांच्या आत पहिल्या गोळीला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वेळ लागला तर उपयोग नाही, असं त्याचं माप होतं.

मला त्याची दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. त्याने पिस्तुलांचा सेफ्टी खटका चक्क कायमचा जाम करून टाकला. घाबरलेला माणूस खटका काढायला विसरतो, किंवा काढला की नाही ते त्याला आठवत नाही. मग चुकून गोळी सुटू नये म्हणून काय? नळीत गोळीच ठेवायची नाही. पिस्तूल काढलं की डाव्या हाताने वरचा भाग खाडकन मागे ओढायचा, गोळी नळीत येते. अंगठ्याची नाजूक हालचाल काढून टाकली आणि तिच्या जागी अख्ख्या हाताची रांगडी हालचाल बसवली. भीतीत बोटं जातात, हात राहतो, हे त्याने अनुभवातून ओळखलं होतं.

सरावासाठी त्याने एक घर बांधलं. आत अंधार, करकरणारी जमीन, अचानक येणारे आवाज, कुठूनही उसळणारे पुतळे. आज जगातली कमांडो पथकं ज्या "किल हाउस"मध्ये सराव करतात, त्याचं हे जुनं रूप. दुसऱ्या महायुद्धात फेअरबेर्न आणि साइक्स यांनी हेच ब्रिटिश हेरांना स्कॉटलंडमध्ये शिकवलं. पुढे फेअरबेर्न कॅनडात आणि अमेरिकेत गेला आणि तिथे त्याच्या हाताखाली एक पिढी तयार झाली.

मग साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा काटा आणि मागची खाच, वापरायचीच नाही का? इथून पुढे वाद सुरू होतो आणि तो भक्तांच्या दोन पंथांसारखा आजही चालू आहे. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात बिग बेअर इथे जेफ कूपर नावाच्या माजी मरीन अधिकाऱ्याने पिस्तुलाच्या झटपट गोळीबाराच्या स्पर्धा भरवल्या. बहुतेक जण काऊबॉयसारखे कमरेतून गोळ्या झाडत आणि हवेला भोकं पाडत. १९५९ मध्ये जॅक वीव्हर हा लॉस एंजलिस काउंटीचा शेरीफ खात्यातला माणूस दोन्ही हातांनी पिस्तूल धरून, डोळ्यासमोर आणून, काट्यावरून बघून जिंकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की लवकर चुकण्यापेक्षा जरा उशिरा लागलेली गोळी बरी. कूपरने यावर अख्खी पद्धत उभारली आणि १९७६ मध्ये ॲरिझोनात शाळा काढली. वीव्हरची उभं राहण्याची ढब तिरकी होती, एक हात ढकलतो, दुसरा ओढतो. १९८०च्या दशकात स्पर्धकांनी तीही सोडली आणि समोर तोंड करून दोन्ही हात सरळ पुढे करायला सुरुवात केली. म्हणजे घाबरल्यावर शरीर जे करतं, जे फेअरबेर्नने शांघायमध्ये पाहिलं होतं, तिथेच गाडी परत आली. फक्त आता दोन हात आणि डोळ्यासमोर साइट.

माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या अंतरांवर. हाताच्या टप्प्यात असलेल्या माणसापुढे पिस्तूल डोळ्यासमोर लांब धरणं म्हणजे त्याच्या हातात देणं. तिथे पिस्तूल छातीजवळच ठेवावं लागतं. दहा पावलांवर मात्र काट्याकडे न बघणारा माणूस दैवावर हवाला ठेवून असतो.

बदल व्हायला मात्र माणसं मरावी लागली. १९७०च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे हायवे पोलिसांचे चार जवान पाच मिनिटांच्या आत मारले गेले. हल्लेखोर दोन. एक जवान सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर संपल्यावर एक एक गोळी पुन्हा भरत असताना मारला गेला. त्याच्या खिशात रिकामी काडतुसं सापडली, सरावात गोळा करायची सवय होती म्हणून त्याने तेव्हाही ती खिशात घातली, ही गोष्ट वर्षानुवर्षं प्रशिक्षणवर्गात सांगितली गेली. नंतर तपासणाऱ्यांनी ती खोडून काढली. पण गोष्ट इतकी पटण्यासारखी आहे की अजून मरत नाही. खरं घडलं ते असं की खात्याने नंतर सहाही गोळ्या एकदम भरणारं साधन दिलं.

दुसरी घटना मायामीची, ११ एप्रिल १९८६. एफबीआयचे आठ जण विरुद्ध दोन बँकलुटारू. पाचेक मिनिटांत शंभरावर गोळ्या. एफबीआयचे दोन मेले, पाच जखमी झाले. यातली शिकण्यासारखी बाब अशी की एका लुटारूला चकमकीच्या सुरुवातीलाच जीवघेणी गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. तो त्यानंतरही रायफल चालवत राहिला आणि त्याच अवस्थेत त्याने माणसं मारली. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो. प्रत्यक्षात पिस्तुलाच्या गोळीत ढकलण्याइतकी ताकद नसते. ती रक्त वाहवते, आणि रक्त वाहायला वेळ लागतो. हृदयच निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू असतो, असं एफबीआयने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. आठ फुटांवर दहा सेकंद म्हणजे किती, याचा विचार करून बघा. पोलिस एक गोळी मारून का थांबत नाहीत, "पायावर का मारली नाही" असं आपण टीव्हीसमोर बसून का म्हणू नये, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. पळणाऱ्या पायावर नेम धरणं या गोंधळात जवळजवळ अशक्य, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस तसाही दगावतो.

आता चाकू. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांना एका शिकाऊ पोलिसाने विचारलं की चाकूवाला किती जवळ आला म्हणजे धोका? त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. धडधाकट माणूस २१ फूट दीड सेकंदात पार करतो. सराव असलेल्या पोलिसाला पट्ट्यातून पिस्तूल काढून दोन गोळ्या मारायलाही दीड सेकंदच लागतो. म्हणजे बरोबरी. आणि वर सांगितल्याप्रमाणे गोळी लागली तरी धावणारा तिथेच थांबेल असं नाही. ट्युलर यांचं सांगणं होतं, अंतर वाढवा, मध्ये गाडी किंवा टेबल येऊ द्या, पिस्तूल आधी काढून ठेवा. पुढे लोकांनी त्याचा "२१ फुटांचा नियम" करून टाकला, आणि कोर्टात २१ फुटांच्या आतल्या कुणालाही गोळी घालायचा जणू परवाना म्हणून तो वापरला जाऊ लागला. त्यांनी स्वतः नियम असा सांगितलाच नव्हता.

खोलीत शिरायचं असेल तर सगळा खेळ दारापाशी असतो. दारात उभा माणूस मागच्या उजेडात काळ्या आकृतीसारखा उठून दिसतो, त्याला डावी-उजवीकडे सरकायला जागा नसते आणि आतल्याला तो नेमका कुठून येणार हे ठाऊक असतं. म्हणून सगळ्या पथकांचा पहिला धडा एकच, उंबरठ्यावर रेंगाळू नका. कोपऱ्याबाबतही तसंच. भिंतीला चिकटून डोकावणाऱ्याचं डोकं आणि पाय आधी दिसतात. कोपऱ्यापासून जरा लांब राहून, अर्धवर्तुळात एक एक पाऊल सरकत गेलं की आतली खोली पोळीच्या त्रिकोणांसारखी तुकड्यातुकड्याने उघडते. पण हे सगळं वेळ असेल तेव्हा. ओलीस आत असतील तर वेळ नसतो. ५ मे १९८० रोजी लंडनमधल्या इराणी वकिलातीत एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या खास पथकाने १७ मिनिटांत कारवाई संपवली. त्यासाठी आतल्यांची ती पाव सेकंदाची प्रतिक्रियाच हिरावून घेतली, डोळे दिपवणारे आणि कान बधिर करणारे बॉम्ब टाकून. सहापैकी पाच हल्लेखोर मेले. एक ओलीस कारवाईदरम्यान दगावला, आणि तरीही ही कारवाई जगभर आदर्श मानली जाते.

आपल्याकडे नरिमन हाउसवर तेवढी चैन नव्हती. कुलाब्याच्या अरुंद गल्लीतली बहुमजली इमारत, आत दोन अतिरेकी. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरखंडावरून गच्चीवर उतरले. त्या कारवाईत हवालदार गजेंदर सिंग बिश्त गेले. त्याच दिवशी ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन गेले. जिन्यात वरच्याला फायदा असतो, जुन्या हॉटेलात दारं, वळणं आणि आडोसे अगणित, आणि धुरात ओलीस कोण, अतिरेकी कोण, हे ओळखेपर्यंत तो मौल्यवान पाव सेकंद निघून जातो. घाई केली असती तर आतले निरपराध मेले असते. ओळखायला वेळ घेतला तर कमांडो मरतात. "एवढा वेळ का लागला" हा प्रश्न बाहेरून विचारणं सोपं आहे.

त्याआधी, २६ नोव्हेंबरच्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांकडे काय होतं, हे आठवलं की तंत्र, पवित्रा वगैरे शब्द ओशाळतात. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे सर्व्हिस रिव्हॉल्व्हर घेऊन पुढे गेले आणि मारले गेले. रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातून पॉइंट थ्री-नॉट-थ्री ओढून घेतली, गोळी झाडली, आणि पुढे तर खुर्ची फेकून मारली. थ्री-नॉट-थ्रीमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. आधी सांगितलेलं वेळेचं गणित इथे लावून पाहा.

आणि त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर या गणिताची दुसरी बाजू दिसली. बंदुकीचा फायदा अंतरात असतो. अंतर शून्यावर आलं की लांब नळी हीच अडचण होते, कारण ती धरता येते. नाकाबंदीवर अडवलेल्या स्कोडात कसाब पुढच्या सीटवर होता, दरवाजा उघडल्यावर त्याने एके-४७ पुढे केली. डी. बी. मार्ग पोलिस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक, साताऱ्याकडचे, लष्करातून आलेले तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी नळी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या, पण नळी त्यांनी स्वतःकडेच धरून ठेवल्यामुळे बहुतेक गोळ्या दुसऱ्या कुणाकडे गेल्या नाहीत, आणि तेवढ्या काही सेकंदांत बाकीच्यांच्या लाठ्या कसाबपर्यंत पोचल्या.